आत कोणी आहे का?

आमचे भावोजी कोणतंही दार बंद करण्याआधी हाक मारायचे. खोली रिकामी आहे हे डोळ्यांना दिसत असलं तरी मारायचे. चौकटीत उभं राहून, मान जरा आत घालून, भरदार आवाजात विचारायचे, "आत कोणी आहे का?" मग थांबायचे. सावकाश दोन श्वास घेऊन होतील इतकं थांबायचे, आणि उत्तर आलं नाही तरच दार ओढून कुलूप घालायचे. कामावर त्यांना हाकमारे म्हणत. नव्याने लागलेल्या माणसांना ते त्यांचं आडनावच वाटायचं आणि भावोजीही ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नसत.

काम कोल्ड स्टोरेजमधलं. शहराच्या कडेला, मालगाड्यांच्या रुळांपलीकडे एक लांबलचक, खिडक्या नसलेली इमारत होती. तिच्यात ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीत छतापर्यंत रचलेले सफरचंदांचे नाहीतर बटाट्यांचे क्रेट, आणि प्रत्येक खोलीला वीतभर जाडीचं, रबरी पट्टी लावलेलं दार. भावोजी तिथे ऑपरेटर होते. यंत्रघरात बसून थंडी सांभाळायची, फेरी मारून खोल्या तपासायच्या, दारांच्या फटीतून गारवा निसटत नाही ना हे हात फिरवून बघायचं, एवढंच काम. भर उन्हाळ्यात ते स्वेटर घालून डबा खायचे. तुम्ही काय करता असं कोणी विचारलं, तर "दारं लावतो" म्हणून मोकळे व्हायचे.

हाकेचा नियम तिथलाच. त्यांच्या आधीच्या ऑपरेटरने एकदा घाईघाईत दार लावलं आणि आत क्रेटच्या आडोशाला एक हमाल डुलकी काढत बसला होता. पुढे दार उघडलं ते भावोजींनी. माणूस वाचला, बोटं गेली. तेव्हापासून हाक मारल्याशिवाय दार लावायचं नाही असं ठरलं. आतून 'आहे' असं आलं, तर माणूस बाहेर येईपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही. काही आलं नाही, तर खोली रिकामी समजायची आणि कुलूप घालायचं. मधलं काही नाही. बाकीच्यांनी हा नियम काही दिवस पाळला, मग हाक लहान होत होत नुसतं खाकरणं उरलं. भावोजींची हाक निवृत्ती जवळ आली तरी खणखणीत होती. घरीही तेच. कपाटात डोकं घालून हाक मारताना मी त्यांना पाहिलेलं नाही, पण एकटे असताना मारत असतील असा माझा वहीम आहे.

मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. घर दोन मजली आपलं म्हणायला: खाली ताई-भावोजींच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर माझी एक खोली, मध्ये लोखंडी जिना. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की मी खाली बोट दाखवतो.

कारण खाली अबोला होता. रुसवाफुगवा म्हणतात तो नव्हे. तो दोन दिवसांत जातो. हा दहा-अकरा वर्षांचा, लोणच्यासारखा मुरलेला अबोला. त्याची कथा अशी, की लग्नानंतर लगेचच भावोजींना जहाजावर काम मिळत होतं. फळं आणि मासळी गोठवून नेणारी मोठी जहाजं असतात, त्यांतल्या गार खोल्या सांभाळायच्या, महिनोन्महिने समुद्रावर. त्यांनी पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती. ताई म्हणाली, नका जाऊ. ते गेले नाहीत. पेटीत ताईने जादा पांघरुणं भरून ठेवली. पुढे मूल झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी आपापलं केलं. मग पुष्कळ वर्षांनी घरात नवा फ्रिज आला आणि तो कुठे ठेवायचा यावरून वाजलं. ताईला तो ओट्याशेजारी हवा होता. भावोजी म्हणाले, तिथे दुपारचं ऊन येतं, यंत्रावर ताण पडतो, तो पुढच्या खोलीतच राहील. थंडीबद्दल या घरात मी बोलायचं, असंही म्हणाले. शब्दाने शब्द वाढला आणि गोष्ट फ्रिजवरून जहाजावर गेली.

"जायचं होतं तर जायचं होतं," ताई म्हणाली. "कोणी धरलं होतं?"

"तू," भावोजी म्हणाले.

एवढंच. मी जिन्यात उभा होतो. त्या संध्याकाळी ताईने मला खाली बोलावलं आणि सांगितलं, "यांना सांग, जेवायला वाढलंय." भावोजी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेले. मी सांगितलं. भावोजी म्हणाले, "हिला सांग, आलो." आणि मी नोकरीला लागलो.

सुरुवातीला वाटलं, आठवडाभरात मिटेल. मी समजावलं, चिडलो, एकदा तर ताट सरकवून वर निघून गेलो. त्या दिवशी मी परत खाली येईपर्यंत भावोजींनी अळणी भाजी खाल्ली, कारण मीठ ताईच्या बाजूला होतं. मग मी हात टेकले. निरोप नेत राहिलो. त्यात पदरचं काही घालत नसे आणि काही गाळतही नसे. अशा कामात एकदा हात घातला की माणूस अडकतो. खरं सांगायचं तर या पद्धतीत घर बरं चाललं होतं. निरोप जाऊन उत्तर यायला वेळ लागतो म्हणून दोघंही मोजकं बोलत. एखादा शब्द रागाचा निघाला तरी माझ्या तोंडून पलीकडे पोचेपर्यंत तो निम्मा निवलेला असे. शेजारणीच्या घरात रोज भांडी आपटायची, तिला आमच्या घराचा हेवा वाटायचा.

या अबोल्याला एकच फट होती. सकाळी कामावर निघताना भावोजी पुढच्या दारात उभे राहून नेहमीची हाक मारायचे, "आत कोणी आहे का?" ही हाक कोणा एकाला नसते, त्यामुळे ती बोलण्यात धरायची नाही, असं दोघांनी न ठरवता ठरवलं होतं. आतून ताई ओट्याकडे तोंड करून म्हणायची, "आहे." तेही कोणाला उद्देशून नाही. मग भावोजी दार नुसतं लोटून जायचे. ताई बाजारात गेली असेल तर उत्तर यायचं नाही, मग कुलूप. एवढी वर्षं त्यांचं आपसातलं सगळं बोलणं म्हणजे रोजचे हे पाच शब्द होते. यातला तिचा शब्द एकच, पण भावोजी तो ऐकल्याशिवाय पायरी उतरत नसत.

अशात एका रविवारी भावोजी मला म्हणाले, "हिला सांग, मी नाव दिलंय."

"कशाला?"

"त्या वस्तीला."

मंगळावर माणसांची कायमची वस्ती करायची ती योजना तेव्हा सगळीकडे गाजत होती. जायची सोय होती, यायची नव्हती. पहिल्या तुकडीला पन्नाशी ओलांडलेली माणसं हवी होती, कारण तिथल्या किरणांचा त्रास अंगावर दिसायला वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि म्हाताऱ्यांना तेवढं थांबायचंच नसतं. बंद खोल्या, दाबाची दारं आणि गार-गरम करणारी यंत्रं सांभाळायची सवय असलेले लोक त्यांनी मागवले होते. मी स्वयंपाकघरात गेलो. ताई कणीक मळत होती.

"भावोजींनी मंगळावर जायला नाव दिलंय," मी म्हणालो.

तिचे हात थांबले नाहीत. "परत कधी येणार विचार."

मी पुढच्या खोलीत गेलो, विचारलं, परत आलो. "परत यायचं नसतं म्हणाले."

"बरं," ती म्हणाली. कणकेचा गोळा उलटवत म्हणाली, "उद्या डबा द्यायचाय का, विचार."

उद्याचा डबा होता. आत्ता तर नुसतं नाव दिलं होतं. पण त्या दिवसापासून माझ्याकडचे निरोप कमी झाले. मला वाटलं होतं रडारड होईल, निदान माझ्यामार्फत तरी होईल. शेजारणीने मात्र सगळीकडे बातमी केली की यांचे मिस्टर वर जाणार. काही लोक भेटायला आले ते चेहरा पाडूनच, आणि भावोजींनी स्वतः दार उघडलं तेव्हा त्यांची पंचाईत झाली.

माझा अंदाज होता, पहिल्याच फेरीत परत पाठवतील. पळण्यात ते मधले, दम धरण्यात मधले, आकडेमोडीत मधल्याहून जरा खाली. पण एक चाचणी अशी होती की चार अनोळखी माणसांना एका बंद घरात काही आठवडे ठेवायचं, आणि बाहेर बोलायचं तर सांगितलेलं पोचायला आणि उत्तर यायला बराच वेळ लागणार, कारण मंगळावरून इकडे बोलणं पोचायलाही तेवढाच लागतो. बाकीचे तिघे त्याने पार सैरभैर झाले. त्यांतले एक निवृत्त प्राचार्य उत्तराची वाट बघता बघता भिंतीवर चमचा मारत बसत. भावोजी प्रश्न पाठवायचे, भाजी चिरून घ्यायचे, उत्तर ऐकायचे आणि "बरं" म्हणायचे. शेवटी त्यांना विचारलं की तुम्हाला इथे कसं वाटलं, तर म्हणाले, "घरच्यासारखं."

या उत्तरामुळे योजनेतल्या मनाच्या डॉक्टरीणबाई आमच्या घरी आल्या. हसतमुख, पन्नाशीच्या, पायांत खेळाडूंचे बूट. पुढच्या खोलीत फ्रिजला खेटून असलेल्या खुर्चीवर बसल्या.

"बाईंना विचार, चहात साखर किती," ताई मला म्हणाली. सवयीने ती बाईंशीही माझ्यामार्फतच बोलायला लागली होती.

"एक चमचा," बाई म्हणाल्या, थेट तिला. मग त्या मला म्हणाल्या, "किती शांत घर आहे तुमचं. इतकी वर्षं संसार झालेल्या माणसांत एवढी समजूत मी फार कमी पाहिली."

भावोजी म्हणाले, "बाईंना बिस्किटं द्यायला सांग हिला."

मी सांगितलं. ताई म्हणाली, "यांना सांग, डबा यांच्याच मागे आहे."

मी तेही सांगितलं. बाई माझ्याकडे, मग ताईकडे, मग भावोजींकडे बघत राहिल्या. त्यांचा चहा निवून गेला. त्या हुशार होत्या, दुसऱ्या बिस्किटापर्यंत त्यांना सगळं कळलं.

जाताना त्यांनी मला फाटकापर्यंत नेलं आणि एक अडचण सांगितली. निवड होईल, म्हणाल्या, पण शेवटी जवळच्या माणसाने पंचांसमोर यावं लागतं. आधीच्या चाचण्यांना नुसत्या सह्या घ्यायचे. लोक सह्या करायचे आणि न्यायला गाडी आली की तिच्यासमोर आडवे पडायचे. म्हणून आता त्या माणसाने जाणाऱ्याच्या तोंडावर, त्याच्याशीच बोलून, स्वतःच्या शब्दांत सांगायचं की तू जा. मध्ये कोणी नाही चालणार. सांगितलं नाही तर माणूस घरी.

"नकार द्यावा लागत नाही?" मी विचारलं.

"नाही. गप्प राहिलं तरी पुरे."

मी जिना चढून वर गेलो आणि बराच वेळ खिडकीत बसलो. मला हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दहा-अकरा वर्षं ज्या बाईने मीठ मागायला तोंड उघडलं नाही, ती या कामाला उघडेल? तिला काहीच करायचं नव्हतं. रोज करत होती तेच करायचं होतं. मला भावोजी घरात हवे होते. मला त्यांचा लळा होता, आणि त्या दोघांच्या मधली माझी जागा मला नकळत आवडायला लागली होती.

मी ताईला नियम सांगितला. तिने ऐकून घेतला. "मोठ्याने बोलायला लागतं का तिथे?" तिने विचारलं. मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "बरं."

पंच तिघे होते. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि एसी इतका वाढवलेला की भावोजी बसल्या बसल्या वर जाळीकडे बघत होते. ताईला आणि त्यांना समोरासमोर खुर्च्या दिल्या. मला मागे भिंतीशी बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी तोंडावर बोट ठेवून खूण केली. मधल्या पंचांनी ताईला सांगितलं की घाई नाही, सावकाश बोला.

ताईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "यांना सांग," ती म्हणाली.

"तुम्ही सांगायचं," पंच म्हणाले. "त्यांनाच."

ताई पुन्हा समोर वळली आणि गप्प बसली. पंचांनी बाटलीतलं पाणी प्यायलं. भावोजी हातांच्या बोटांकडे बघत होते. त्यांचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा झाला होता. समुद्राचा विषय निघाला की व्हायचा तसा. मी मनात म्हणत होतो, बस गप्प, आणखी थोडा वेळ बस. वेळ गेला. एका पंचांनी घड्याळाकडे बघितलं आणि समोरचे कागद एकत्र केले.

"अहो," ताई म्हणाली.

भावोजींनी मान वर केली. तिचा आवाज घोगरा आला होता. तिने खाकरून घेतलं.

"तिथे थंडी फार असते म्हणे."

"असते," भावोजी म्हणाले.

"स्वेटर नेऊ देतात का?"

"वजन करून देतात."

"मग तपकिरी न्या. निळ्याचं वजन फार आहे, आणि त्याचा कोपर विरलाय."

"बरं," भावोजी म्हणाले.

मधले पंच जरा पुढे झुकले. "बाई, हे आम्ही हो समजायचं का?"

ताईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "जा तुम्ही," ती भावोजींना म्हणाली. "एकदा धरलं होतं मी. तेव्हा विचारलं कोणी धरलं, तर तुम्ही म्हणालात तू. खरं होतं ते. मला तेव्हा ते ऐकवलं नाही. आता नाही धरत."

भावोजींनी पाणी मागितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या कामासाठी मी एवढी वर्षं जिना चढउतार केली, ते तिने एका बैठकीत उरकलं, आणि तेही नको त्या बाजूने.

बसमध्ये आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. कोणी बोललं नाही. मला वाटलं, पुन्हा कुलूप लागलं. पण रात्री जेवताना ताई म्हणाली, "अहो, मीठ द्या." भावोजींनी दिलं. मी घास हातात धरून बसलो होतो. माझी नोकरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आलो तर फ्रिज ओट्याशेजारी उभा. पुढच्या खोलीत तो होता तिथे फरशीवर फिकट चौकोन उरला होता.

"इथे ऊन येतं ना?" मी विचारलं.

"पडदा लावू," भावोजी म्हणाले. ताई पडद्याचं कापड मोजतच होती.

मग त्या दोघांनी जी बोलायला सुरुवात केली, ती थांबेचना. प्रशिक्षणाला भावोजी काही आठवडे जायचे, काही दिवस घरी यायचे, आणि घरी असले की खालून सतत आवाज. फ्यूज कसा बदलायचा, पाण्याचा मुख्य नळ कुठे फिरवायचा, हे ते तिला दाखवत. ती त्यांना बटण लावायला आणि उसवलेलं शिवायला शिकवत होती. ते बोट टोचून घ्यायचे आणि ती हसायची. तिचं हसणं मी विसरून गेलो होतो. भांडणंही होत, चांगली कडाक्याची, आणि जेवणापर्यंत मिटत. शेजारणीने मला एकदा अडवून विचारलं, "सगळं ठीक आहे ना हो तुमच्याकडे?"

जाण्याचा दिवस जवळ आला तसे भावोजी बदलले. जेवताना मध्येच थांबायचे. एका संध्याकाळी ते जिना चढून माझ्या खोलीत आले. कॉटच्या कडेला बसले, माझ्या हत्यारांपैकी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर उचलून फिरवत राहिले.

"हिला विचार," ते म्हणाले. जुनी सवय.

"काय विचारू?"

"राहू दे." मग म्हणाले, "नाव अजून मागे घेता येतं. गाडीत बसेपर्यंत येतं. तिने एकदा नुसतं राहा म्हटलं ना, तर..." स्क्रू-ड्रायव्हर जागेवर ठेवला आणि खाली गेले.

मी त्यांच्या पाठोपाठ उतरलो. ते अंगणात नळाशी होते. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे ताईला सांगितले. ती शेंगा सोलत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "सारखे बघतात माझ्याकडे. कळत नाही का मला?"

"मग म्हण ना."

"मला हवेत ते इथे," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. "आत्ता तर कुठे बोलायला लागलोय. पण मी राहा म्हटलं की राहतील ते. मागेही राहिले होते. समोर ताटावर बसून आयुष्यभर त्या समुद्राकडे बघत होते. मला नाही पुन्हा ते बघायचं. त्यांना स्वतःला राहायचं असेल तर राहू देत. मी हात धरून बसवणार नाही."

"ते तुझ्या शब्दासाठी अडलेत."

"म्हणूनच," ताई म्हणाली. "आणि तू मधे पडू नकोस. तुझं काम संपलंय."

निघायच्या दिवशी सकाळी योजनेची पांढरी गाडी आली. गाडीपासून पुढे त्यांना कोणाचा संसर्ग चालणार नव्हता, म्हणून निरोप घरातच घ्यायचा आणि घरच्यांनी दाराबाहेर यायचं नाही, असा नियम होता. भावोजींनी तपकिरी स्वेटर घातला होता, म्हणजे तो पिशवीच्या वजनात धरला जाणार नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पडद्याची दोरी सैल झालीय, बघ." ताईच्या समोर ते नुसते उभे राहिले. तिने त्यांच्या स्वेटरवरचा एक धागा काढला.

ते बाहेर गेले. चपलांऐवजी नवे बूट होते, ते घालायला त्यांना वेळ लागला. दार अर्धं उघडं होतं. आम्ही दोघं आत, ओट्याजवळ. मला वाटलं, आता गाडीचं दार वाजेल.

चौकटीत भावोजींचं डोकं दिसलं. त्यांनी आत बघितलं नाही, नजर खाली पायरीवर होती.

"आत कोणी आहे का?" त्यांनी हाक मारली.

मला एकदम कळलं आणि ताईला माझ्या आधी कळलं होतं. 'आहे' असं आलं तर या माणसाने आयुष्यात कधी कुलूप लावलं नव्हतं. त्या एका शब्दावर ते पिशवी खाली ठेवणार होते. मी तोंड उघडलं. ताईने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नंतर तिथे वळ उठले. दुसऱ्या हाताने तिने गॅसवरच्या पातेल्याचं झाकण दाबून धरलं होतं, कारण पाणी उकळत होतं आणि झाकण वाजलं असतं.

भावोजी थांबले. दोन श्वास झाले. ते थांबूनच राहिले. रस्त्यावर गाडीच्या चालकाने एकदा हॉर्न वाजवला. ताईचा हात वाफेने लाल झाला होता, तरी तिने तो काढला नाही.

मग दार ओढलं गेलं. कडी सरकली. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून किल्ली आत सरकवली गेली, फरशीवर थोडी घसरत आली आणि फ्रिजच्या जुन्या चौकोनावर थांबली.

बूट पायऱ्या उतरले. गाडीचं दार लागलं. गाडी सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत ऐकू आली, मग वळली. ताईने झाकणावरचा हात काढला. माझं मनगट सोडलं. ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली, रोज राहायची तशी.

"आहे," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. किल्ली उचलली, खिडकीशी गेलो आणि कुलूप काढायला शेजारणीला हाक मारली.